कॉक्लिअर इम्प्लांटनंतर बोलणं समजायला कसं शिकायचं

हा लेख मोठेपणी ऐकू येणं गेलेल्या आणि नुकतंच कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या, किंवा ऑपरेशनची तारीख ठरलेल्या माणसासाठी आहे. म्हणजे भाषा ज्याच्या डोक्यात शाबूत आहे, फक्त ती कानावाटे पोचायची थांबली आहे, त्याच्यासाठी. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या लहान मुलाला ऐकण्याबरोबर भाषाही शिकायची असते. तो रस्ता वेगळा आहे आणि इथे त्याबद्दल काही नाही.

मी स्वतः या रस्त्याने गेलो आहे. स्विच ऑननंतर, म्हणजे यंत्र पहिल्यांदा सुरू केल्यानंतर, मला सूचनांची कमतरता नव्हती. पण आज काय करायचं, उद्या काय करायचं आणि कशाला घाबरायचं नाही, हे सलग कुणी सांगत नव्हतं. तेच इथे क्रमानं लिहिलं आहे.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. इम्प्लांट आवाज आणून देतं, समजणं मेंदूला शिकावं लागतं. मेंदू ते सगळ्यांत लवकर शिकतो, जेव्हा आवाज आणि त्याचा अर्थ त्याला एकत्र मिळतात. न समजणारी बडबड तासन्तास कानावर पडू दिली तर फार थोडं हाती लागतं. तीच बडबड समोर लिहिलेली असेल तर ऐकता ऐकता ती सुटी होऊ लागते. पुढचे बहुतेक सगळे सराव याच एका गोष्टीवर उभे आहेत.

## १. कानात काय बसवलं आहे ते समजून घ्या

कानामागच्या प्रोसेसरचा मायक्रोफोन आवाज पकडतो. प्रोसेसर त्याचे जाड ते बारीक असे पट्टे पाडतो. डोक्याला चुंबकाने चिकटणारी कॉइल ती माहिती त्वचेतून आत पाठवते. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत एक बारीक तार सरकवलेली असते, तिच्यावरचे इलेक्ट्रोड थेट श्रवणतंतूंना विजेचे सूक्ष्म स्पंद देतात. निरोगी कानात आवाज तंतूंपर्यंत पोचवणाऱ्या आतल्या रोमपेशी साधारण ३,५०० असतात. इलेक्ट्रोड मात्र कंपनीप्रमाणे १२ ते २२ असतात. शिवाय शेजारशेजारच्या इलेक्ट्रोडचा प्रवाह एकमेकांत मिसळतो, त्यामुळे खरोखर वेगवेगळे असे पट्टे त्याहूनही कमी मिळतात.

एवढ्यात माणसाचं बोलणं मावतं का? मावतं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोलण्याचा सगळा बारकावा काढून फक्त चार पट्टे ठेवले होते. चांगलं ऐकू येणाऱ्या लोकांना थोड्या सरावानंतर त्यातूनही शांत खोलीत वाक्यं समजली. तेव्हा पट्टे कमी आहेत म्हणून धीर सोडायचं कारण नाही. गोंगाट आणि संगीत यांना मात्र जास्त बारकावा लागतो, म्हणून त्या दोन गोष्टी शेवटी येतात.

सुरुवातीला सगळ्यांचे आवाज चिरके, यांत्रिक, कार्टूनमधल्यासारखे का वाटतात याचंही कारण इथेच आहे. नळीत जाड आवाजाची जागा अगदी आत, टोकाला असते आणि तार बहुधा तिथपर्यंत जात नाही. त्यामुळे जाड आवाज आपल्या मूळ जागेच्या अलीकडे वाजतो आणि मेंदूला तो बारीक वाटतो. यंत्रात यामुळे काही बिघाड आहे असं समजू नका. मेंदू हळूहळू नवी जागा मान्य करतो आणि ओळखीचे आवाज पुन्हा माणसांसारखे वाटू लागतात.

## २. स्विच ऑनच्या आधी जमवून ठेवा

जखम भरल्यावर, साधारण एक ते चार आठवड्यांनी प्रोसेसर पहिल्यांदा सुरू करतात. त्याआधी एका फाइलमध्ये हे असू द्या:

- इम्प्लांट कार्ड. त्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक असतो. पुढे कधीही एमआरआय करायची वेळ आली तर हे कार्ड दाखवल्याशिवाय आत जाऊ नका, कारण आतल्या चुंबकामुळे मॉडेलनुसार अटी असतात.
- ऑपरेशनची कागदपत्रं आणि सीटी किंवा एमआरआयचे रिपोर्ट.
- आधीचे ऑडिओग्रॅम (ऐकण्याच्या तपासणीचे आलेख) आणि शब्द-वाक्यं ओळखण्याच्या चाचणीचे निकाल. पुढची प्रगती यांच्याशीच ताडून बघायची असते.
- लसीकरणाची नोंद. इम्प्लांट असलेल्यांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो म्हणून न्यूमोकोकल लस घ्यायला सांगतात. ती राहिली असेल तर डॉक्टरांना विचारा.
- एक वही. मोबाइलमधली नोंद चालेल, पण यंत्राच्या पातळ्या बसवून घेताना वही पटकन उघडता येते.

वस्तूंमध्ये प्रोसेसर सुकवायचा डबा, जादा केबल, जादा बॅटऱ्या आणि मायक्रोफोनची जादा कव्हरं लागतात. झिंक-एअर बॅटरी वापरत असाल तर स्टिकर काढल्यावर लगेच यंत्रात घालू नका. दोन-तीन मिनिटं उघडी ठेवली की ती पूर्ण ताकदीने चालू होते.

आणि एक माणूस ठरवा. रोज पंधरा-वीस मिनिटं समोर बसून वाचून दाखवेल असा, न चिडणारा. ही तयारी बाकी सगळ्या यादीपेक्षा मोलाची आहे.

स्विच ऑनच्या दिवशी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, एकेका इलेक्ट्रोडसाठी दोन पातळ्या बसवतात: जेमतेम ऐकू येतं ती, आणि मोठं पण सहन होतं ती. यालाच मॅपिंग म्हणतात. त्या दिवशी कुणाला शब्द कळतात, कुणाला नुसत्या शिट्ट्या आणि टिकटिक ऐकू येते. पहिल्या दिवशीच्या अनुभवावरून पुढचं काही सांगता येत नाही. इंटरनेटवरचे पहिल्याच क्षणी आनंदाने रडणाऱ्यांचे व्हिडिओ बघून गेला असाल तर ते मनातून काढून टाका. आपल्याला आठवड्यांचं आणि महिन्यांचं काम करायचं आहे.

## ३. पहिले काही आठवडे: यंत्र अंगावरून उतरू देऊ नका

सकाळी उठल्यावर लावायचं, झोपताना काढायचं. दिवसातून किमान दहा तास तरी. प्रोसेसर स्वतःच वापराच्या तासांची नोंद ठेवतो आणि ऑडिओलॉजिस्टना ती दिसते. तास जास्त असणाऱ्यांना बोलणं जास्त समजतं, असं पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे.

इथला सापळा असा: यंत्र लावलं की कटकट, काढलं की शांतता, म्हणून माणूस "थोडी विश्रांती" घेतो आणि ती लांबत जाते. विश्रांती हवी असेल तर शांत खोलीत जा, पण यंत्र लावून जा. त्वचा दुखत असेल, चुंबकाखाली लाल होत असेल, तर मात्र सहन करत बसू नका. चुंबकाचा जोर कमी करून मिळतो.

या काळात घरातल्या आवाजांना नावं द्या. नळ उघडा, बघा, ऐका, मनात म्हणा "नळ". दार, चावी, पाऊल, कागद, स्वतःचा श्वास. पूर्वी कधी लक्षातही न आलेले आवाज आता अंगावर येतात, कारण हा महत्त्वाचा आणि हा नाही असं मेंदूनं अजून ठरवलेलं नसतं. एकदा आवाज कुठून येतो ते डोळ्यांनी पाहिलं की तो मागे सरकतो. न ओळखलेला आवाज ऐकू आला तर उठून शोधा किंवा कुणाला तरी विचारा.

बऱ्याच जणांना चढत्या पातळीचे तीन-चार प्रोग्रॅम देतात आणि ठरावीक दिवसांनी पुढच्यावर जायला सांगतात. सांगितलेल्या दिवशी पुढे जा. मऊ वाटतो म्हणून पहिल्याच प्रोग्रॅमवर राहिलात तर हळू आवाजात बोललेलं कधीच पोचणार नाही.

## ४. रोज सकाळी सहा ध्वनी

डॅनिअल लिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी दोन मिनिटांत होते. ध्वनी सहा: आ, ई, ऊ, म्, श्, स्. बोलण्यातल्या जाडापासून बारीकपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यांना ते स्पर्श करतात. म् अगदी जाड टोकाला, स् अगदी बारीक टोकाला.

सोबतीने एक मीटरवर, तुमच्या इम्प्लांटच्या बाजूला बसून, तोंड दिसणार नाही अशा रीतीने एकेक ध्वनी म्हणायचा. क्रम रोज बदलायचा आणि मध्येच गप्प राहायचं, म्हणजे तुम्ही अंदाजाने उत्तर देत नाही ना हे कळतं. तुम्ही ऐकलेला ध्वनी परत म्हणायचा. जमू लागलं की अंतर दोन-तीन मीटर करा.

चुका वहीत लिहा, कारण त्या बोलक्या असतात. ई आणि ऊ सारखे वाटत असतील तर दोन्हींचा जाड भाग पोचतोय, पण ई ला ई करणारा बारीक भाग पोचत नाही. स् ऐकूच येत नसेल तर बारीक टोकाचे इलेक्ट्रोड बघायला हवेत. श् आणि स् मिसळत असतील तर थोडी वाट बघा, तो फरक उशिरा सुटतो. "नीट ऐकू येत नाही" या वाक्यापेक्षा "गेले दहा दिवस ई ला ऊ ऐकतोय" हे वाक्य ऑडिओलॉजिस्टना कितीतरी जास्त कामाचं असतं.

काल येत असलेला ध्वनी आज अचानक गेला, तर आधी बॅटरी, केबल आणि मायक्रोफोनचं कव्हर तपासा.

## ५. बोलण्याचा सराव: शब्दापासून गप्पांपर्यंत

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. रोज अर्धा ते एक तास, पण एका बैठकीत नाही. पंधरा-वीस मिनिटांनंतर ऐकण्याचा थकवा येतो आणि पुढचा वेळ वाया जातो.

सराव किती कठीण असावा याला एक मोजमाप आहे. दहापैकी सात-आठ बरोबर येत असतील तर पातळी योग्य. दहापैकी दहा आले तर पुढे जा, चारच आले तर एक पायरी मागे या. मागे येणं हा सरावाचाच भाग आहे.

पहिली पायरी: समोर लिहिलेल्या यादीतून ओळखणं. सुरुवात लांबीत फरक असलेल्या शब्दांनी करा: घर, खिडकी, वर्तमानपत्र. मग वारांची नावं. शेवटचं "वार" सगळीकडे सारखंच, म्हणून पहिल्या भागाकडे कान जातो. बुधवार आणि गुरुवार सुटे झाले की चांगली प्रगती आहे. मग फक्त स्वर बदलणारे शब्द घ्या: काका, काकी, काकू. माळ, मूळ, मेळ. स्वर मोठ्याने आणि लांब येतात, त्यामुळे ते आधी पकडीत येतात.

दुसरी पायरी: व्यंजनांच्या जोड्या. कुठली जोडी सोपी, कुठली अवघड, हे माहीत असलं की उगाच निराशा येत नाही. आवाज लहान-मोठा होणं आणि लय इम्प्लांट छान पोचवतं, म्हणून घोष-अघोष फरक (व्यंजन म्हणताना गळ्यात कंप होतो की नाही) लवकर कळतो: तार-दार, काल-गाल. अल्पप्राण-महाप्राणात हवेचा झोत ओळखायचा असतो: कार-खार, बाग-भाग, दार-धार. अवघड आहे तो उच्चाराच्या जागेचा फरक: पान-तान-कान, पात-पाट, साल-शाल, मन-मण, वेल-वेळ. हा फरक आवाजाच्या बारीक रंगात असतो आणि आपल्याकडे पट्टे कमी आहेत. माझ्या बाबतीत ल आणि ळ सगळ्यांत शेवटी वेगळे झाले, तेही पूर्ण वाक्यात. सुट्या शब्दात अजूनही कधी कधी अडखळायला होतं आणि त्याने रोजच्या बोलण्यात काही अडत नाही, कारण "वेळ झाली" या वाक्यात वेल बसतच नाही.

म्हणून एक कळकळीची सूचना. जोड्यांवर अडकून बसू नका. दिवसाच्या सरावातला चौथा हिस्सा जोड्यांना, बाकीचा वाक्यांना.

तिसरी पायरी: वाक्यं. सोबती आधी विषय सांगतो: "प्रवासाबद्दल बोलतोय." मग वाक्य म्हणतो. तुम्ही कळलं तेवढं परत म्हणता. अर्धवट कळलं तरी म्हणा, अंदाज लावा. न कळल्यास क्रम असा ठेवा:

१. तेच वाक्य तसंच पुन्हा.
२. एखादा शब्द आधी सांगून पुन्हा.
३. वाक्य लिहून दाखवणं.
४. आणि लिहिलेलं बघत तेच वाक्य पुन्हा ऐकणं, मग कागद बाजूला ठेवून आणखी एकदा.

चौथा टप्पा बहुतेक जण गाळतात. उत्तर कळलं की "अच्छा!" म्हणून पुढे जातात. खरं शिकणं त्या चौथ्या टप्प्यात होतं. उत्तर माहीत असताना तेच वाक्य एकदम स्वच्छ ऐकू येतं, जणू यंत्र दुरुस्त झालं. तो मेंदूचा भास म्हणून सोडून देऊ नका, कान तयार होतो तो अशाच क्षणांमधून. कुठलंही वाक्य समजून ऐकल्याशिवाय सोडायचं नाही.

चौथी पायरी: मागोमाग म्हणणं. ही पद्धत १९७८ साली दोन संशोधकांनी मांडली आणि आजही वापरात आहे. सोबती एखाद्या सोप्या लेखातला तुकडा वाचतो, तुम्ही शब्दन् शब्द परत म्हणता. चुकलं तिथे थांबून दुरुस्त करायचं, बरोबर आलं की पुढचा तुकडा. पाच मिनिटांत किती शब्द झाले ते मोजा. आठवड्याआठवड्याला आकडा वाढतो आणि आपल्याला जाणवत नसलेली प्रगती कागदावर दिसते. मजकूर अनोळखी असला तरी विषय आवडीचा असू द्या.

सोबतीसाठी चार शब्द. तोंड झाकायला हात किंवा कागद ओठांजवळ धरू नका, आवाज दबतो आणि सराव चुकीच्या आवाजावर होतो. त्यापेक्षा शेजारी, इम्प्लांटच्या बाजूला बसा. ओरडू नका, कारण ओरडताना अक्षरांचा आकार बिघडतो. नेहमीपेक्षा किंचित सावकाश बोला, पण ए-के-क शब्द तोडून नको, त्याने वाक्याची लय जाते. आणि सरावाबाहेर परीक्षा घेऊ नका. पलीकडच्या खोलीतून "मी आत्ता काय म्हणालो सांग" हा खेळ प्रेमाने सुरू होतो आणि माणसाला यंत्राचा कंटाळा आणून संपतो.

एकटे असाल तर ऑडिओबुक आणि छापील पुस्तक एकत्र घ्या. आधी डोळ्यांनी वाचत ऐका. मग तोच परिच्छेद न बघता ऐका. मग पुढचा परिच्छेद आधी ऐका, नंतर वाचून ताडा. निवेदक एकच आणि स्वच्छ बोलणारा असावा, पार्श्वसंगीत नसावं. एका आवाजाची सवय झाली की निवेदक बदला. पुरुष, स्त्री, वयस्क, तरुण असे वेगवेगळे आवाज कानावरून गेले पाहिजेत, नाहीतर घरच्यांचं सगळं कळतं आणि बाहेरच्यांचं काहीच नाही अशी स्थिती होते. बातम्यांचं निवेदन सुरुवातीला टाळा, ते वेगवान असतं आणि नावांनी भरलेलं असतं.

## ६. ओठ कधी बघायचे, कधी नाही

वर्षानुवर्षं ओठ वाचून दिवस काढले असतील तर ती सवय टाकायची नाही, तिला जागा ठरवून द्यायची.

प, फ, ब, भ, म ओठांवर एकसारखे दिसतात, पण इम्प्लांटमधून ते बऱ्यापैकी वेगळे ऐकू येतात. उलट पान आणि कान कानाला सारखे वाटतात, पण ओठांवर झटकन वेगळे दिसतात. डोळ्यांचं दुबळेपण कान भरून काढतो आणि कानाचं डोळे. म्हणून खऱ्या संभाषणात, कामाच्या ठिकाणी, डॉक्टरांकडे, ओठ निःसंकोच बघा.

सरावात मात्र निम्मा वेळ तरी डोळे बाजूला. डोळ्यांना उत्तर आधी मिळत असेल तर कान मेहनत घेत नाही. कॅप्शनचंही तसंच: आधी कॅप्शन लावून प्रसंग बघा, मग तोच प्रसंग कॅप्शनशिवाय.

## ७. दुसऱ्या कानाचं काय?

दुसऱ्या कानात श्रवणयंत्र असेल आणि त्याचा थोडा तरी उपयोग होत असेल तर ते चालू ठेवा. जाड आवाज आणि स्वराची उंची त्यातून मिळते, ती इम्प्लांटमध्ये कमी असते. पण सरावाच्या वेळी रोज काही काळ ते काढून ठेवा, नाहीतर मेंदू ओळखीच्या कानावरच विसंबतो. दुसरा कान चांगला असेल तर नुसता झाकून भागत नाही. अशा वेळी ब्लूटूथने किंवा कंपनीच्या उपकरणाने ऑडिओबुक थेट प्रोसेसरमध्ये सोडा, म्हणजे ते फक्त इम्प्लांटलाच ऐकू येईल.

## ८. मॅपिंगला जाताना

सुरुवातीला भेटी जवळजवळ असतात, मग तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि पुढे साधारण वर्षातून एकदा. मेंदूची सहनशक्ती वाढते, पातळ्या बदलतात, म्हणून भेट चुकवू नका. वहीतून हे सांगा:

- सहा ध्वनींपैकी कुठले चुकतात आणि कशाशी मिसळतात.
- कुठला आवाज टोचतो: भांड्यांचा, कागदाचा, की स्वतःचा.
- कुणाचं बोलणं कळतं, कुणाचं नाही.
- आवाजाबरोबर पापणी किंवा गाल फडफडतो का, डोकं दुखतं का, चक्कर येते का. एखादा इलेक्ट्रोड चेहऱ्याच्या नसेला उत्तेजित करत असू शकतो. तो कमी किंवा बंद करता येतो आणि त्याने बोलणं समजण्यात सहसा मोठा फरक पडत नाही.

नव्या मॅपवर पहिल्या दिवशी सगळं विचित्र वाटतं. काही दिवस द्या, मग मत बनवा. आधीचा मॅप एका प्रोग्रॅममध्ये ठेवून मागता येतो. शब्द-वाक्यांची चाचणी दर वेळी शांततेत आणि गोंगाटात, दोन्ही प्रकारे करून मागा आणि निकालाची प्रत घ्या.

## ९. फोन

पहिली गोष्ट: फोन कानाच्या भोकाशी धरायचा नाही. तुमचा मायक्रोफोन कानाच्या वर, प्रोसेसरवर आहे, फोनचा स्पीकर तिथे न्या. एक-दोन सेंटिमीटर पुढे-मागे करून जागा शोधा. थेट ब्लूटूथ जोडणी होत असेल तर ती सगळ्यांत चांगली. टी-कॉइल, म्हणजे फोनचा चुंबकीय संकेत थेट पकडणारी प्रोसेसरमधली छोटी कॉइल, हा आणखी एक पर्याय.

जुन्या पद्धतीच्या फोन लाइनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच भाग जातो. स् चा बहुतेक आवाज त्याच्या वर असतो, म्हणून तो लाइनवरच गळून पडतो. तुमचा कान त्याला जबाबदार नाही. इंटरनेटवरून केलेल्या कॉलमध्ये बहुधा जास्त रुंद पट्टा मिळतो. क्रम असा ठेवा: ओळखीच्या माणसाचा व्हिडिओ कॉल, मग त्याच माणसाचा व्हिडिओ बंद करून कॉल, मग ठरलेल्या विषयावर साधा फोन, आणि शेवटी अनोळखी माणूस.

"काय?" म्हणू नका, कळलेलं सांगून उरलेलं विचारा: "गुरुवारी ठरलं, किती वाजता म्हणालात?" आकड्यांचा स्वतंत्र सराव करा. सात, साठ, आठ आणि सहा, दहा ही फसवी मंडळी आहेत. पासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट तर फोनवर एकच ऐकू येतात. महत्त्वाचा आकडा एकेक अंक करून घ्या, तुम्ही परत म्हणा, आणि पैसे किंवा औषधाचा आकडा असेल तर लेखी मागा.

## १०. गोंगाट

शांत खोलीत वाक्यं चांगली कळू लागेपर्यंत गोंगाटाचा सराव सुरू करू नका. मग आधी पंख्यासारखा सलग आवाज, मग दुसऱ्या खोलीतला टीव्ही, मग शेजारी बोलणारी माणसं. शेवटचा प्रकार सगळ्यांत कठीण असतो, कारण तिथे बोलण्यातूनच बोलणं वेगळं काढायचं असतं.

प्रत्यक्षात मात्र सरावापेक्षा जागा जास्त कामी येते. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर निम्मं केलं की त्याचा आवाज ६ डेसिबलने वाढतो. जवळ जा. इम्प्लांटची बाजू त्याच्याकडे, गोंगाट पाठीमागे, कारण प्रोसेसरच्या दिशादर्शी प्रोग्रॅममध्ये समोरचा आवाज आधी घेतला जातो. उघड्या भिंतींच्या घुमणाऱ्या खोलीपेक्षा पडदे-गालिचे असलेली खोली बरी. सभा, वर्ग, बैठक असेल तर बोलणाऱ्याच्या छातीशी लावायचा वायरलेस मायक्रोफोन मागा. त्याने पडणारा फरक कुठल्याही सेटिंगपेक्षा मोठा असतो. आवाज वाढवायचं बटण मात्र फसवं आहे, बोलण्याबरोबर गोंगाटही वाढतो.

संगीताबद्दल थोडक्यात: ताल लवकर येतो, सूर उशिरा आणि अपुरा. पूर्वी पाठ असलेलं गाणं, एकच गायक, कमी वाद्यं, हातात शब्द, अशी सुरुवात करा. नवीन गाणी नंतर.

## ११. प्रगती थांबली असं वाटलं तर

वेगाने सुधारणा होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, पुढे वर्षभर आणि नंतरही हळूहळू. ऐकू येणं जाऊन जितकी जास्त वर्षं झाली असतील तितका जास्त वेळ लागतो. शेजारच्या माणसाचं तिसऱ्या महिन्यात काय झालं याच्याशी स्वतःला ताडू नका.

सगळं हळूहळू बोथट होत असेल तर मायक्रोफोनची कव्हरं बदला. ती घामाने आणि धुळीने भरतात, आणि रोज थोडंथोडं कमी होत गेल्याने आपल्याला कळत नाही. प्रोसेसर रोज रात्री सुकवायच्या डब्यात ठेवा. मग मॅपिंग करून घ्या. अचानक ऐकू येणं घटलं, आवाज तुटू लागला, नवी शिट्टी, वेदना, सूज किंवा चक्कर सुरू झाली, तर सरावाने सुधारेल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी कळवा. आतला भागही तपासता येतो. तापाबरोबर मान आखडली तर ती तातडीची वेळ समजून थेट रुग्णालयात जा आणि इम्प्लांट असल्याचं सांगा.

पुढे दुसऱ्या कानातही इम्प्लांट केलंत, तर नव्या कानासाठी हा क्रम सहा ध्वनींपासून पुन्हा सुरू करायचा आणि सरावापुरता रोज जुना प्रोसेसर काढून ठेवायचा. दोन्ही कान एकदमच वापरत राहिलात तर शिकलेला कान नव्याला बोलूच देत नाही. जुन्या वहीतल्या नोंदी तेव्हा जवळ असू द्या. कुठल्या आठवड्यात काय जमलं होतं ते त्यांत सापडेल आणि ऑडिओलॉजिस्टना दोन्ही कानांची वाटचाल शेजारीशेजारी ठेवून बघता येईल.